दारातला परका आणि फोनमधला परका

भात झोडून झालं, पेंढा रचला, शेतात वाल टाकले, की पेण-रोह्याकडच्या गावांतून बाहेरच्या माणसांची ये-जा वाढते. हे काही आजचं नाही. पहाटे वासुदेव येतो. भगवे कपडे, खांद्याला झोळी असा डवरी गोसावी येतो. नंदीबैलवाला येतो. मोटारसायकलला चादरी-ब्लँकेटांचा डोंगर बांधून उत्तरेकडचा फेरीवाला येतो, भंगारवाला येतो, वीटभट्टीचा मुकादम उचल वाटायला वाडीवर जातो. धाटावच्या कारखान्यांत कामाला आलेली परप्रांतीय पोरं सुट्टीला बाजारात दिसतात. हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत हंगामाला बाहेरगावचे हात लागतातच.

पूर्वी असा माणूस दिसला की ओट्यावरचा म्हातारा हाक मारायचा, "कुठलं गाव म्हणायचं तुमचं?" उत्तर मिळालं, पसाभर तांदूळ झोळीत पडले, की तो माणूस पुरता परका राहत नसे. आता मात्र माणूस वेशीवर पोचायच्या आधी त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर पोचलेला असतो. त्याचाच असतो असं नाही, त्याच्यासारखे कपडे घातलेल्या कोणाचा तरी असतो. खाली मजकूर साधारण असा: 'सावधान! आपल्या तालुक्यात मुलं पळवणारी टोळी उतरली आहे. साधूच्या वेशात फिरतात. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.' तालुका कोणता, तारीख कोणती, पाहिलं कोणी, यातलं काही नसतं. म्हणूनच तो मजकूर पेणला चालतो, साक्रीला चालतो आणि जतलाही चालतो.

साक्री तालुक्यात तो चालला तेव्हा पाच माणसं मेली.

ग्रामपंचायतीची खोली

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या आदिवासी गावात त्या दिवशी आठवडे बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे काही लोक बाजारात उतरले. बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा भागातले. त्यांतला एकजण एका लहान मुलीशी बोलताना कोणाला तरी दिसला. त्या भागात मुलं पळवणाऱ्या टोळीचे निरोप आधीपासून फोनवर फिरत होतेच. बघता बघता जमाव जमला, मारहाण सुरू झाली, आणि पाचजणांना ओढत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं. तिथेही मारलं. पाचही जण गेले.

सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, तलाठी हे पान वाचत असतील. (सरकारदरबारी आता ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी आणि तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला आहे, पण आपल्या तोंडी जुनीच नावं आहेत.) त्यांनी आपल्या कार्यालयाची खोली जरा डोळ्यांसमोर आणावी. जिथे घरपट्टीच्या पावत्या फाडल्या जातात आणि जन्माचे दाखले मिळतात, तसल्या खोलीत हे झालं.

आता त्या वर्षी देशभर फिरलेल्या निरोपांतलं सामान काय होतं ते पाहा. एक व्हिडिओ होता. गल्लीत पोरं खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. कोणाच्याही पोटात गोळा यावा असा. हा व्हिडिओ आपल्या देशातला नव्हताच. पाकिस्तानात कराची शहरात, आईबापांनी मुलांवर लक्ष ठेवावं म्हणून तयार केलेली ती जागृतीची फिल्म होती. फिल्मच्या शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा फलक दाखवतात. तेवढं शेपूट कोणीतरी कापलं आणि उरलेलं पुढे ढकललं. दुसऱ्या एका व्हिडिओत मुलांची प्रेतं ओळीने ठेवलेली दिसत. मुलांचे अवयव काढून नेले, असं खाली लिहिलेलं. ती प्रेतं सीरिया देशातल्या घौटा भागातल्या मुलांची होती. तिथे ऑगस्ट २०१३ मध्ये विषारी वायूचा हल्ला झाला, त्यात मेलेली.

म्हणजे कराचीच्या पोरांची काळजी आणि सीरियाच्या पोरांची प्रेतं, यांचा पुरावा करून आपल्याकडे मंगळवेढ्याच्या भिक्षेकऱ्यांना शिक्षा झाली.

त्याच रात्री मालेगावात आझादनगर भागात जवळपास हाच प्रकार घडायचा होता. परभणी जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेलं पाच जणांचं कुटुंब जमावाने घेरलं. त्यांच्यात दोन वर्षांचं मूल होतं. पण तिथल्या काही रहिवाशांनी त्यांना घरात घेतलं, दार लावून घेतलं, पोलीस आले आणि पाचही जीव वाचले. निरोप दोन्ही गावांत सारखेच फिरत होते. मालेगावात जमावाच्या आणि त्या कुटुंबाच्या मध्ये एक दार होतं, आणि ते उघडून आत घेणारी माणसं होती.

पुढच्या वर्षांत आपण काही शिकलो म्हणावं, तर सप्टेंबर २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा गावी मथुरेकडचे चार साधू मार खाऊन गेले. पंढरपूरला निघाले होते, एका मुलाला रस्ता विचारला, एवढाच गुन्हा. जीव वाचले. त्यांनी फिर्यादही दिली नाही.

अफवेवर दुसरी अफवा

निरोपामुळे माणूस मारला जातो, ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी पालघर जिल्ह्यात दिसली.

१६ एप्रिल २०२०. टाळेबंदी लागलेली, रस्ते ओस. रात्री चोर फिरतात, मुलं पळवतात, मूत्रपिंडं काढतात, असल्या निरोपांनी डहाणूच्या आदिवासी भागात गावंच्या गावं रात्री जागत होती. काही दिवस आधी तिथे एका डॉक्टरांच्या गाडीवरही लोक धावून गेले होते. अशा रात्री दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक सुरतेकडे एका अंत्यविधीला निघाले होते. गडचिंचल्याला गाडी अडवली गेली. पोलीस हजर असताना तिघांना मारलं.

चारदोन दिवसांत या मारहाणीचा व्हिडिओ देशभर पसरला आणि त्याच्यासोबत दुसरी अफवा निघाली, की मारणारे अमुक धर्माचे होते. व्हिडिओत कोणीतरी 'ओय बस, बस' ओरडतो, त्याचं लोकांनी 'शोएब बस' ऐकलं. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर करावी लागली. त्यात एकही मुसलमान नव्हता. पण यादी वाचतो कोण? शोएब ज्यांनी ऐकला, त्यांच्यातल्या कितीजणांना तो आजही ऐकू येत असेल.

वाचकहो, ही दुसरी अफवा नीट पारखून घ्या, कारण आपल्याकडे जास्त चालते ती हीच. पहिली अफवा वाटसरूला चोर ठरवते, आणि वाटसरू उद्या निघून जाणार असतो. दुसरी अफवा शेजाऱ्याला खुनी ठरवते, आणि तो तर आपल्या बांधाला बांध लावून कायमचा राहणार असतो.

रोहा-धाटावचं नाव यादीत आलं तेव्हा

देशादेशांतही हेच चालतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर ७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचा सराव जाहीर झाला, त्या यादीत रोहा-धाटाव-नागोठणे आणि थळ-वायशेत ही आपल्या जिल्ह्यातली नावं होती. लढाई ७ ते १० मे अशी चार दिवस चालली. त्या चार दिवसांत आपल्याकडे टीव्हीवर आणि फोनवर कराची बंदर बेचिराख झाल्याची बातमी फिरली. बंदर जागच्या जागी होतं. तिकडे आपल्या मोठ्या पराभवाच्या बातम्या फिरत होत्या. संगणकावरच्या लढाईच्या खेळातली दृश्यं दोन्ही देशांत खरी लढाई म्हणून पाहिली गेली. इकडच्या माणसाला तिकडचा, आणि तिकडच्या माणसाला इकडचा, एकाच वेळी राक्षसाइतका दुष्ट आणि फुंकरीने उडेल इतका दुबळा वाटू लागला. शत्रूविषयी अशी समजूत करून घेणं शत्रूच्या फायद्याचं, हे जुनी माणसं आपल्याला सांगत आली आहेत.

किनारपट्टीच्या गावांना तर संशयाचं जुनं दुखणं आहे. १९९३ मध्ये श्रीवर्धनकडे शेखाडीला स्फोटकं उतरली. तेव्हापासून समुद्रात काही अनोळखी दिसलं की काळजात धस्स होतं, आणि ते व्हायलाही हवं. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरजवळ एक बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ रायफली. जिल्ह्यात नाकाबंदी झाली आणि दुपारभर फोनवर तर्कांना ऊत आला. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं, की नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची आहे, मस्कतहून युरोपकडे जाताना इंजिन बंद पडलं, खलाशांची सुटका झाली आणि ती वाहत इकडे आली. इथे एक गोष्ट चांगली झाली, ती म्हणजे अधिकृत माणूस लवकर बोलला. उशीर झाला असता तर त्या रायफली कुठल्या मोहल्ल्यासाठी होत्या, हेही कोणीतरी फोनवर ठरवून टाकलं असतं.

तुमच्या ग्रुपवर कोण नाही?

आता घरात येऊ. एक सोपा हिशेब करा. आपल्या गावचा जो ग्रुप आहे, 'आपलं गाव' की काय नाव असेल ते, त्यात कातकरी वाडीवरचे किती नंबर आहेत, मोजा. पेण, रोहा, सुधागड, कर्जत, कुठेही मोजलं तरी बहुतेक ठिकाणी एका हाताची बोटं पुरतील. वाडी आपल्याच ग्रामपंचायतीत असते. मतदानाला ती आपली असते. ग्रुपवर मात्र नसते.

मग होतं काय, तर भाताची पाती गेली, आंब्याचा मोहर कोणी झाडला, कोंबडं चोरीला गेलं, की ग्रुपवर पहिलं बोट वाडीकडे जातं आणि 'असं नाही' म्हणायला तिथे कोणी नसतं. कातकऱ्यांवर चोरटेपणाचा शिक्का इंग्रजांच्या अमदानीत कागदावर बसला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का तोंडात राहिला आणि तोंडातून फोनवर गेला.

उलट्या बाजूनेही पाहा. राईनपाडा आणि गडचिंचले ही दोन्ही आदिवासी गावं. तिथल्या माणसांना बाहेरच्याची इतकी भीती का वाटावी? त्या भीतीला कारण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे गावचं प्रकरण बाहेर आलं. कातकऱ्यांची लहान लहान मुलं एखादी मेंढी आणि थोड्या पैशांच्या बदल्यात मेंढ्या राखायला दिली गेली होती. त्यांतली एक मुलगी मेली, तेव्हा जगाला कळलं. म्हणजे मुलं खरोखर जातात. पण ती भगव्या कपड्यातल्या भिक्षेकऱ्याच्या झोळीतून गेली नाहीत. ओळखीच्या माणसाच्या हातून, उचल घेऊन, दिवसाढवळ्या गेली. त्या जाण्याचा व्हिडिओ कोणी काढला नाही आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा' असंही कोणी लिहिलं नाही. दिवाळी झाली की आपल्याच वाडीवरून किती पोरं शाळा सोडून वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात, ते शाळेच्या हजेरीत लिहिलेलं असतं. मुलं पळवणाऱ्या टोळीची ज्याला खरी काळजी आहे, त्याने ती हजेरी उघडून पाहावी.

आपल्याच माणसाला परकं करणं किती सोपं असतं, ते २०२० साली कोकणाने पाहिलं. मुंबईचे चाकरमानी टाळेबंदीत गावाकडे निघाले तेव्हा वेशीवर बांबू आडवे पडले. 'मुंबईकर रोग घेऊन येताहेत' असे निरोप गावात, आणि 'गाववाल्यांना आमची मनिऑर्डर चालते, आम्ही चालत नाही' असे निरोप मुंबईत. गणपतीला यायचं तर दहा दिवस वेगळं राहा, असा नियम झाला, तोवर भावाभावांत अबोला झाला होता. तरीही तिथे एक सोय होती. गावचा आणि मुंबई मंडळाचा ग्रुप बऱ्याच ठिकाणी एकच होता. भांडणं तिथेच झाली आणि 'अरे, तुझी आई इथे एकटी आहे, तिला रेशन मीच आणून देतो' हेही तिथेच बोलता आलं. वाडीची, मोहल्ल्याची किंवा दुसऱ्या आळीची ही सोय आपण ठेवलेली नाही.

आपल्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला बंदिस्तीची गोष्ट वेगळी सांगायला नको. खेकडा भोक पाडतो ते बोटाएवढं. तेव्हाच चिखल दाबला तर काम भागतं. उधाण आलं की तिथेच खांड पडते, आणि खारं पाणी शिरलेलं शेत पुढची काही वर्षं पीक देत नाही. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये काही पोरांच्या फोनवरच्या स्टेटसचं निमित्त झालं आणि ७ तारखेला बंद, दगडफेक, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीला एका पोस्टवरून दंगल होऊन एका तरुणाचा जीव गेला. त्याने ती पोस्ट टाकलेली नव्हती. बीड जिल्ह्यात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर अमक्या जातीच्या दुकानातून माल घेऊ नका, असे निरोप फिरले. बी-बियाणं उधारीवर देणारा दुकानदार आणि ते घेणारा शेतकरी, पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. पण निरोप वाचला की समोरचा शेठ दिसत नाही, त्याची जात दिसते. एका पोराचं स्टेटस ही साऱ्या समाजाची सही समजली जाते. आपल्या समाजातल्या पोराने मूर्खपणा केला तर 'पोरगं आहे' म्हणतो, त्यांच्यातल्याने केला तर 'ते तसलेच' म्हणतो, हेही जरा मनाशी विचारून पाहा.

कायदा काय म्हणतो

थोडं कामाचं बोलू. निरोपावर दोन बाण आणि 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' असं दिसलं, तर तो तुमच्यापर्यंत किमान पाच हातांतून आला आहे. २०१८ च्या हत्यांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० पासून असला दोन बाणांचा निरोप एकावेळी एकाच ठिकाणी जातो. तरी माणूस एकेक करून वीस ठिकाणी पाठवतोच. चित्र खरं की जुनं, हे गूगल लेन्सवर टाकून पाहता येतं. दहावीतल्या मुलाला सांगा, तो दोन मिनिटांत दाखवील.

ग्रुपचा ॲडमिन असलेल्या सरपंचांना एक भीती असते, की कोणी काही टाकलं तर पहिला ॲडमिन आत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, की सदस्याच्या मजकुराबद्दल निव्वळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. त्याचा सामाईक हेतू असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा घाबरून ग्रुप बंद करू नका. खोटं ओळखू आलं तर तिथेच तसं लिहा.

पाठवणाऱ्याला मात्र कायदा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये, समाजासमाजांत तेढ वाढवणारी खोटी माहिती किंवा अफवा पसरवणं हा गुन्हा आहे, आणि फोनवरून पसरवली तरी तो सुटत नाही. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर कलम १०३ (२) खाली प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते. 'मी नुसता उभा होतो' हे कोर्टात पटवणं सोपं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ च्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी या कामी नेमायला सांगितलं आहे. गावात तणाव वाटला तर ११२ वर फोन करावा. पोलीस पाटलाने ठाण्याला कळवणं हे तर १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने त्याचं कामच आहे. पोलीस येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास गावाचा असतो. तेवढा वेळ संशयिताला मालेगावसारखं घरात घेऊन दार लावणं, एवढंच करायचं असतं.

काही गावांत बाहेरून येणाऱ्याची वही ठेवावी असा विचार चालतो. विचार वाईट नाही, पण जपून. भटक्या जमातींना इंग्रजी अमलात रोज हजेरी द्यावी लागे. त्याची आठवण त्यांच्या म्हाताऱ्यांना अजून आहे. तसली वही नको. आधार कार्ड काढून घेणं नको, आणि त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर मुळीच नको. पोलीस पाटलाकडे साधी शंभर पानी वही असावी. तारीख, नाव, गाव, कशासाठी आलात, किती दिवस मुक्काम, पाल कुठे टाकलं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर, जी ग्रामसभा पुढे येईल तिच्यात विषय घ्यावा आणि वाडीवरची दोन माणसं मुद्दाम बोलावून बसवावीत. त्यांचे नंबर त्याच दिवशी ग्रुपवर घ्यावेत. वहीत एक रकाना जास्त ठेवावा, 'गावातलं कोण ओळखतं'. डवरी गोसाव्यांचं येणं बहुधा वर्षावर्षाचं असतं, आणि गावातल्या एखाद्या आजीला त्याचा बापही आठवत असतो. रकाना कोरा राहिलाच, तर त्या माणसाला ओट्यावर चहाला बोलवावं, म्हणजे चहा पिताना तो भरता येतो.